कौन्सिलर झाल्यानंतरचे फॉर्म आणि खोलीबाहेर थांबण्याचे नियम

हे २०२५ मध्ये लिहितेय. पुढच्या वर्षी, ७ मे २०२६ ला, लंडनच्या बत्तीसही बरोंमध्ये, म्हणजे स्वतःची कौन्सिल (आपल्या महापालिकेसारखी) असलेल्या विभागांमध्ये, निवडणुका आहेत. त्यामुळे सध्या ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मराठी लोकांचे फोन येतात. उभं कसं राहायचं, मतं कशी मागायची, हे बहुतेकांना हवं असतं. ते सांगणारे पुष्कळ आहेत. पक्षवाले तर घरी येऊन सांगतात. निवडून आल्यावर काय काय लिहून द्यायचं, कुठे गप्प बसायचं, कुठून उठून जायचं आणि आपल्याविरुद्ध तक्रार झाली तर पुढे काय होतं, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका बरो कौन्सिलवर मे २०२३ पासून कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका, आहे. पक्षाचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं धरा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

उमेदवारीचा भाग थोडक्यात उरकते. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असाल आणि इथे कायम राहण्याची परवानगी असेल, तर कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहता येतं. त्याच कौन्सिलमध्ये नोकरी करत असाल तर मात्र नाही. अनामत रक्कम लागत नाही. वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात, एक सूचक आणि एक अनुमोदक. अर्ज ४ एप्रिलला दुपारी चारच्या आत प्रत्यक्ष नेऊन द्यायचा होता. मी आदल्या आठवड्यातच नेऊन तपासून घेतला, कारण नावातल्या एका अक्षरावरून अर्ज परत आल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. घराचा पत्ता मतपत्रिकेवर छापायचा नसेल तर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती करा.

आपल्याकडे महापालिकेला उभं राहायचं तर अर्जासोबतच मालमत्तेचं, कर्जाचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र जोडावं लागतं, आणि मतदानाआधीच ते लोकांना वाचता येतं. इथे कौन्सिलच्या उमेदवाराला यातलं काहीच विचारत नाहीत. साताऱ्याहून बाबांनी फोनवर विचारलं, "शपथपत्र भरलंस का?" नाही म्हटल्यावर त्यांना इथल्या लोकशाहीची काळजीच वाटली. विचारतात, पण निवडून आल्यावर.

४ मेला मतदान झालं, ५ तारखेला दुपारी निकाल लागला. दुसऱ्या दिवशी राजाचा राज्याभिषेक, सोमवारी त्याची सुट्टी, त्यामुळे कौन्सिलच्या इमारतीत माणूस सापडायला पुढचा मंगळवार उजाडला. तिथे सगळ्यात आधी पदस्वीकाराच्या घोषणापत्रावर सही करायची. हातात पुस्तक नाही, समारंभ नाही. अधिकारी समोर बसतो, तुम्ही सही करता, तो सही करतो. दोन महिन्यांच्या आत ही सही झाली नाही तर जागा रिकामी होते, आणि होईपर्यंत कौन्सिलर म्हणून काहीच करता येत नाही. त्याच काळात निवडणूक खर्चाचा हिशेबही द्यायचा असतो, निकालापासून पस्तीस दिवसांत. माझा खर्च बहुतांशी पत्रकांचा होता आणि तो पक्षाने केला होता, तरी पावत्या गोळा करून सही मलाच करावी लागली.

मग आला तो फॉर्म, ज्याने माझ्या घरात खरी चर्चा घडवली.

२०११ च्या लोकॅलिझम कायद्याने प्रत्येक कौन्सिलला आचारसंहिता ठेवणं आणि सदस्यांच्या हितसंबंधांचं रजिस्टर ठेवणं बंधनकारक केलं. पद स्वीकारल्यापासून अठ्ठावीस दिवसांत तुमचे आर्थिक हितसंबंध मॉनिटरिंग ऑफिसरला कळवायचे. हा कौन्सिलचा कायद्याने नेमलेला, कारभार नियमांत चालतो का हे बघणारा अधिकारी. आमच्याकडच्या बाई कौन्सिलच्या मुख्य वकीलही आहेत. नोकरी-व्यवसाय, निवडणुकीसाठी मिळालेला पैसा, कौन्सिलशी असलेली कंत्राटं, जमीन आणि घरं, वापरायला घेतलेली जागा, कौन्सिलकडून भाड्याने घेतलेली मालमत्ता, शेअर्स असे रकाने असतात. आणि हे फक्त तुमचे नाही, नवऱ्याचे किंवा बायकोचे किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराचेसुद्धा.

"निवडून तू आलीस, माझी नोकरी कशाला हवीय त्यांना?" नवरा म्हणाला. रास्त प्रश्न होता. त्याला शांत करायला एक गोष्ट उपयोगी पडली: पगार विचारत नाहीत. मालकाचं नाव आणि कामाचं स्वरूप एवढंच लागतं. रजिस्टरमध्ये जोडीदाराचं नावही लिहायची गरज नसते.

जमिनीच्या रकान्यापाशी मी बराच वेळ अडकले होते. साताऱ्याजवळ आजोबांची सामाईक शेती आहे, सातबारावर डझनभर नावं, त्यात माझंही. ती लिहायची तर कशी? मॉनिटरिंग ऑफिसरना ईमेल केला. एका ओळीत उत्तर आलं: कौन्सिलच्या हद्दीतली जमीन तेवढीच. सातबारा लिहिण्यातून सुटले. शेअर्सचंही तसंच. कंपनीचं कार्यालय किंवा जागा कौन्सिलच्या हद्दीत असेल, आणि तुमच्या शेअर्सचं दर्शनी मूल्य २५,००० पौंडांच्या वर किंवा त्या कंपनीच्या भांडवलाच्या शंभराव्या हिश्शाहून जास्त असेल, तरच. दर्शनी मूल्य, बाजारभाव नव्हे. नवऱ्याला कंपनीकडून मिळालेले शेअर्स त्यामुळे यादीबाहेर राहिले.

राहतं घर मात्र हद्दीतच असतं. मतपत्रिकेवरून झाकलेला पत्ता इथे पुन्हा उघडा पडतो, कारण हे रजिस्टर कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतं. प्रचाराच्या काळात मला काही घाणेरडे निनावी संदेश आले होते. घरात शाळकरी मुलगी. २०१६ मध्ये जो कॉक्स आणि २०२१ मध्ये डेव्हिड एमेस या खासदारांचे खून झाले, तेव्हापासून इथे कुणी या काळजीला हसत नाही. कायद्यात यासाठी कलम ३२ आहे. मारहाणीची किंवा धमकावण्याची शक्यता असेल तर मॉनिटरिंग ऑफिसरच्या संमतीने तो तपशील जाहीर प्रतीतून वगळता येतो, फक्त काहीतरी वगळलंय एवढी नोंद दिसते. मी संदेशांचे स्क्रीनशॉट जोडून विनंती केली आणि आठवड्याभरात मान्य झाली. एवढंच लक्षात ठेवा, की फॉर्म देतानाच ही विनंती करायची. एकदा वेबसाइटवर चढलेला पत्ता नंतर काढला तरी त्याच्या प्रती कुठे कुठे गेल्या हे कुणाला माहीत?

या फॉर्मकडे कागदी सोपस्कार म्हणून बघू नका. सबळ कारण नसताना आर्थिक हितसंबंध लपवणं, किंवा तो असताना चर्चेत भाग घेणं वा मत देणं, हा फौजदारी गुन्हा आहे. दंड होतो, आणि न्यायालय पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतं. तसंच कौन्सिल टॅक्सचे (आपल्या घरपट्टीसारखा कर) दोन महिन्यांचे पैसे थकले असतील तर अर्थसंकल्पावर मत देता येत नाही आणि बैठकीत तसं सांगावं लागतं. डायरेक्ट डेबिट लावून टाका.

जूनमध्ये आचारसंहितेचं प्रशिक्षण झालं. संध्याकाळी, सँडविच आणि गार चहासह. सुरुवात नोलन समितीपासून. खासदार पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारतात, या प्रकरणानंतर जॉन मेजर यांनी १९९४ मध्ये ही समिती नेमली. तिने १९९५ मध्ये सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं सांगितली: निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा, नेतृत्व. भिंतीवर लावायला ठीक. उपयोगाचा भाग पुढे होता. आमच्या कौन्सिलने स्थानिक शासन संघटनेची डिसेंबर २०२० ची नमुना संहिता घेतली आहे. त्यात आदराने वागणं, दमदाटी न करणं, कर्मचाऱ्यांच्या निःपक्षपातीपणावर दबाव न आणणं, गोपनीय माहिती न फोडणं, पदाचा वापर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या फायद्यासाठी न करणं, असे नियम आहेत. हँडफर्थ या गावाच्या छोट्या कौन्सिलची सदस्य आरडाओरडा करतानाची झूम बैठक इथे खूप गाजली होती, तिची क्लिपही दाखवली. सगळे हसले. मागच्या रांगेतले दोन जुने सदस्य मात्र हसले नाहीत, आणि पुढच्या काही महिन्यांत मला त्याचं कारण कळलं.

त्या संध्याकाळची माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की आर्थिक हितसंबंधांखेरीज 'इतर नोंदणीयोग्य हितसंबंध' नावाचा दुसरा तक्ता असतो. त्यात धर्मादाय संस्था येतात. आणि मी आमच्या मराठी मंडळाची खजिनदार होते. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. खजिनदारपद सोडलं तर प्रश्न मिटेल असं मला वाटलं होतं. मॉनिटरिंग ऑफिसर म्हणाल्या, पद सोडलं तरी सभासद आहातच, आणि सभासदत्वसुद्धा नोंदवावं लागतं. मग मी दोन्ही ठेवलं आणि दोन्ही नोंदवलं.

परीक्षा लगेच जुलैत आली. गणेशोत्सवासाठी हॉल भाड्याने घ्यायचा होता आणि कौन्सिलच्या छोट्या सामुदायिक अनुदानासाठी मंडळ अर्ज करणार होतं. मंडळाचे अध्यक्ष वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांचा फोन आला.

"आता तू आत आहेस. जरा बघ की."

"काका, मी आत आहे म्हणूनच मला बघता येणार नाही."

"अगं, पण मग तुला निवडून देऊन उपयोग काय?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून घरी गेले. काकूंनी थालीपीठ केलं होतं. काका रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात नगरसेवक म्हणजे अडलेलं काम करून देणारा माणूस. मी सांगितलं की अर्ज तुम्ही भरा, सही सचिवाची असू दे, हिशेबाची माहिती मी खजिनदार म्हणून मंडळाला देईन, पण कौन्सिलमधल्या एकाही अधिकाऱ्याशी याबद्दल बोलणार नाही. समितीच्या बैठकीत नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं, तिथे मंडळातल्या कुणीतरी येऊन बोला. काकांनी मान हलवली. पटलं असं म्हणता येणार नाही.

बैठकीच्या अजेंड्यावर सुरुवातीलाच हितसंबंध जाहीर करण्याची बाब असते. मी उभी राहून सांगितलं की अमुक क्रमांकाच्या विषयातली अर्जदार संस्था माझी आहे, मी तिची खजिनदार आहे, त्या वेळी बाहेर जाईन. एवढं बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं. नियम असा, की अशा विषयावर नागरिकांना बोलायची मुभा असेल तर कौन्सिलरलाही तेवढंच बोलता येतं. मग मात्र खोली सोडायची. मी बोलले नाही. ज्यांच्याबरोबर रोज बसते त्यांच्यासमोर मंडळाची बाजू मांडायची आणि मग बाहेर जायचं, हे नियमात बसलं तरी मला ठीक वाटेना.

विषय आला, मी उठले, दार ओढून घेतलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये पाण्याचं मशीन आणि मागच्या महापौरांचे फोटो. आत आमच्या सचिव बोलत होत्या, पहिलंच जाहीर इंग्रजी भाषण, आवाज चढलेला, शब्द कळत नव्हते. फोन बघावा तर बातमी कुणी आतून पाठवली असं वाटेल, म्हणून फोन पिशवीत ठेवला. थोड्या वेळाने समितीची कर्मचारी बोलवायला आली. मागितलेल्या रकमेतली अर्धी मंजूर झाली होती. काकांना पूर्ण हवी होती. "तू असतीस तर," असं ते अजूनही अधूनमधून म्हणतात.

बाहेर जाताना पाळायच्या काही गोष्टी अनुभवाने कळल्या. अजेंडा पाच दिवस आधी येतो तेव्हाच तो स्वतःच्या रजिस्टरशी ताडून बघायचा. शंका असेल तर ईमेल करायचा, फोन नाही. उत्तर लेखी राहतं. बाहेर म्हणजे खरंच खोलीच्या बाहेर, प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर नाही. आणि परत आल्यावर "काय झालं?" असं शेजाऱ्याला बैठक चालू असताना विचारायचं नाही.

दिवाळी आली, त्या वर्षी १२ नोव्हेंबरला. मंडळाने सगळ्या पदाधिकाऱ्यांबरोबर माझाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ५० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीची भेट अठ्ठावीस दिवसांत नोंदवायची असते. शाल काही तेवढ्याची नव्हती, नारळ तर नाहीच. पण त्याच आठवड्यात घरी एक मोठी टोपली आली. सुका मेवा, मिठाई, चांदीची समई. पाठवणाऱ्याचा घरबांधणीचा एक अर्ज आमच्या प्लॅनिंग कमिटीपुढे येणार होता. किंमत किती हा प्रश्नच इथे नसतो. जी भेट घेतल्याने प्रभाव पडल्याचा वाजवी संशय येईल, ती कितीही छोटी असली तरी नाकारायची. दिवाळीला दारात आलेली मिठाई परत पाठवणं हे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि हात थोडा अडखळलाच. नम्र चिठ्ठी लिहून दुसऱ्या दिवशी टोपली त्यांच्या ऑफिसात पोचती केली, पोच घेतली आणि मॉनिटरिंग ऑफिसरला कळवलं. मोठी भेट नाकारली तरी ती नोंदवावी लागते. मुलगी दोन दिवस फुरंगटून होती. टोपलीत काजूकतली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ईमेल आला: आपल्याविरुद्ध आचारसंहिताभंगाची तक्रार आली आहे.

मी ऑफिसात होते. वाचून हात गार पडले. तक्रार वॉर्डातल्या एका रहिवाशाची. आमच्या रस्त्यांवर पार्किंग परमिट लागू करण्यावरून परिसराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद चालला होता. मी लिहिलं होतं की त्यांनी दिलेले आकडे कौन्सिलच्या अहवालात नाहीत, आणि चुकीची माहिती पसरवून वयस्कर लोकांना घाबरवू नये. त्यांचं म्हणणं, हा जाहीर अपमान आहे.

अशा तक्रारीचा रस्ता सांगते, कारण मला तो माहीत असता तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती. आधी मॉनिटरिंग ऑफिसर प्राथमिक छाननी करतात. तक्रार खरी धरली तरी संहितेचा भंग होतो का, तुम्ही तेव्हा कौन्सिलर म्हणून वागत होतात का, आणि चौकशीवर पैसा घालवणं सार्वजनिक हिताचं आहे का, हे बघतात. मला तक्रारीची प्रत मिळाली आणि लेखी म्हणणं मांडायला दहा कामकाजाचे दिवस. शिवाय प्रत्येक कौन्सिलला कायद्याने एक 'स्वतंत्र व्यक्ती' नेमावी लागते. ती कौन्सिलची सदस्य किंवा कर्मचारी नसते, आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्यालाही तिच्याशी बोलता येतं. मी बोलले. आमच्याकडचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी बाजू घेतली नाही, धीरही दिला नाही. फक्त काय विचारलं जाईल ते सांगितलं. त्याने फार बरं वाटलं.

उत्तर लिहिताना पक्षातल्या एकाने सुचवलं, "तो खासगी ग्रुप होता, रहिवासी म्हणून लिहिलं, असं म्हण." मी नाही म्हटलं. त्या ग्रुपवर लोक मला कचऱ्याच्या डब्यांबद्दल विचारत होते, आणि मी कौन्सिलर म्हणून उत्तरं देत होते. सगळी माहिती असलेल्या सामान्य माणसाला तुम्ही कौन्सिलर म्हणून बोलताय असं वाटेल का, हा निकष आहे. त्यावर माझं उत्तर स्पष्ट होतं. मी संपूर्ण संवादाची प्रत दिली, आधीचे आणि नंतरचे संदेशही, आणि कौन्सिलच्या अहवालाचं ते पान.

मग थांबणं. या काळात तक्रारीबद्दल जाहीर बोलायचं नाही. ग्रुपवर मात्र "आपल्या कौन्सिलरची चौकशी चालू आहे" असं फिरत होतं. आईने फोनवर आवाजावरून ओळखलं, तिला सांगितलं तर म्हणाली, "तुरुंगात वगैरे नाही ना टाकणार?" एप्रिलच्या मध्याला निर्णय आला. कौन्सिलर म्हणून वागत होते हे मान्य, पण भंग नाही, पुढची कारवाई नाही. राजकीय मतभेद जोरात मांडायचं स्वातंत्र्य मानवी हक्कांच्या युरोपीय करारातल्या दहाव्या कलमाने मिळतं, आणि लोकप्रतिनिधीच्या राजकीय बोलण्याला त्यात जास्त संरक्षण आहे, असं कारणांत लिहिलं होतं. या निर्णयावर तक्रारदाराला अपील नव्हतं. ते मला अजून दुकानात भेटतात. नमस्कार होतो.

समजा, भंग सिद्ध झाला असता तर? जाहीर ठपका, माफी मागण्याची शिफारस, प्रशिक्षण, पक्षगटाने ऐकलं तर समितीतून काढणं. बस. २०१२ पर्यंत अशा तक्रारींसाठी इंग्लंडभराचं स्टँडर्ड्स बोर्ड होतं आणि सदस्याला निलंबित करता येत होतं. ते बोर्ड गेलं आणि निलंबनही गेलं. सार्वजनिक जीवनातल्या मापदंडांच्या समितीने, म्हणजे वर आलेल्या त्याच नोलन समितीने, जानेवारी २०१९ मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या निलंबनाची शिफारस केली, मार्च २०२२ मध्ये सरकारने ती नाकारली, डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने याच विषयावर लोकांची मतं मागवली. मीही फॉर्म भरला.

कारण मला ही उतरंड उलटी वाटते. नवऱ्याची नोकरी मुद्दाम लपवली तर न्यायालयात उभं राहावं लागेल. पण एखादा सदस्य वर्षानुवर्षं कर्मचाऱ्यांवर ओरडत राहिला, एखादी तरुण अधिकारी त्यामुळे नोकरी सोडून गेली, तर त्याला मिळतं एक पत्र. ते तो फ्रेम करूनही लावू शकतो. हँडफर्थच्या क्लिपवर न हसलेल्या त्या दोघांनी असं पत्र घेऊनही तसंच वागणारा सहकारी पाहिला होता. काही जण म्हणतात, निलंबनाचा अधिकार दिला तर बहुमतवाले विरोधकांवर वापरतील. ती भीती खोटी नाही, माझ्या तक्रारीच्या वेळी मला स्वतःला ती वाटली होती. तरीही तो अधिकार हवा, फक्त निर्णय कौन्सिलबाहेरच्या कुणाच्या तरी हातात असावा.

उभं राहायचं ठरवत असाल तर आजच करण्यासारखं काम म्हणजे तुमच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन सध्याच्या सदस्यांचे रजिस्टर फॉर्म उघडून वाचा. सगळे जाहीर आहेत. काहींनी दोन ओळींत उरकलंय, काहींनी क्रिकेट क्लबपर्यंत लिहिलंय. मग घरात बसून जोडीदाराला दाखवा, मतदानाच्या आधी. मंडळ, देऊळ, शाळेची समिती, जिथे जिथे नाव आहे त्याची यादी काढा. आपल्या लोकांची ती लांब निघते. आणि कौन्सिलर म्हणून मिळणाऱ्या भत्त्यावर आयकर लागतो, हे घरखर्च मांडताना विसरू नका.

फॉर्म एकदाच भरायचा नसतो. बदल झाला की आमच्या संहितेप्रमाणे पुन्हा अठ्ठावीस दिवस. या जानेवारीत नवऱ्याने नोकरी बदलली. ऑफर लेटर आलं त्या संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, "तुझ्या बाईंना कळवायचं ना? स्पेलिंग मी सांगतो, कंपनीचं नाव लोक नेहमी चुकीचं लिहितात."